मागवाल्यांची मोटार

सुझुकी ही कंपनी मुळात मागाची. मोटारी आणि मोटारसायकली हे सगळं फार नंतरचं. १९०९ साली जपानच्या हमामात्सू गावात मिचिओ सुझुकी या बावीस वर्षांच्या तरुणाने माग बनवायचा छोटा कारखाना काढला. घर कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचं, हातात कसब सुतारकामाचं. पहिला माग त्याने आईसाठी बनवला असं सांगतात. थोडं लाकूड, थोडं लोखंड आणि पायाने चालवायची सोय. आईचं काम हलकं झालं, शेजारपाजारच्यांनी पाहिलं, मागणी येत गेली. पुढची चाळीसएक वर्षं ही कंपनी मागांवरच जगली.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून उठले आणि खिडकीतून खाली बघितलं. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. समोरच्या बोळात यंत्रमागांची शेड, दिवसरात्र खडखडाट, आणि बोळाच्या तोंडाशी आमची पांढरी मारुती ८०० उभी. लहानपणापासून या दोन गोष्टी मी एकमेकींशेजारी बघत आले होते. दोघींचं कूळ एकच असेल असं कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

सोलापूरला मागाचं नातं सांगायला नको. १८७७ साली इथे पहिली कापड गिरणी उभी राहिली, तीच पुढे जुनी मिल म्हणून ओळखली गेली. मग नरसिंग गिरजी आली, लक्ष्मी-विष्णू आली. गिरण्यांच्या भोंग्यावर शहर उठायचं आणि झोपायचं. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भाग वसवला, घराघरांत माग बसले, आधी हाताचे, मग विजेवरचे. गिरण्या बंद पडल्या, पण चादर आणि टॉवेल राहिले. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. आमच्या घरी तेलुगू कळतं, कन्नड समजतं आणि मराठीत भांडण होतं, असं हे गाव.

मिचिओ सुझुकीचं खरं डोकं दिसतं ते त्याच्या सुधारणांमध्ये. साध्या मागावर एकच धोटा इकडून तिकडे धावतो, म्हणून आडवा धागा एकाच रंगाचा. त्याने दोन धोटे घेऊन पट्टे विणता येतील अशी रचना केली आणि १९१२च्या सुमारास तिचं पेटंट घेतलं. पुढे आग्नेय आशियातल्या लोकांना लुंगीसारखं नेसायचं सारोंग लागतं हे हेरून त्यासाठी खास माग बनवले आणि तिकडे निर्यात केले. वापरणाऱ्याला नेमकं काय लागतं ते बघायचं, तेवढंच द्यायचं, आणि ते टिकाऊ द्यायचं. टिकाऊपणाच शेवटी अडचणीचा ठरला. चांगला माग पन्नास वर्षं चालतो. एकदा विकला की गिऱ्हाईक परत येतच नाही. आमच्या समोरच्या शेडमधले माग बघा. आज चालवणाऱ्याच्या आजोबांनी ते घेतलेत. कांड्या बदलल्या, पट्टे बदलले, मोटर बदलली, सांगाडा तोच. आजोबांनी घेतलेल्या मागावर नातू विणतोय म्हटल्यावर माग बनवणाऱ्याचं पोट कशावर भरणार? १९३०च्या दशकात मिचिओला हाच प्रश्न पडला आणि त्याचं लक्ष मोटारीकडे गेलं. ब्रिटिश ऑस्टिन सेव्हन विकत आणून त्यांनी ती सुटी करून अभ्यासली, १९३७च्या सुमारास स्वतःचे नमुने बनवायला घेतले. मग युद्ध आलं आणि सगळं थांबलं.

हमामात्सूजवळच जन्मलेला साकिची तोयोदाही मागच बनवत होता. धागा तुटला की आपोआप थांबणारा त्याचा १९२४चा माग जगभर गाजला. तोयोदाच्या घरातून टोयोटा निघाली. म्हणजे जपानच्या दोन मोठ्या मोटार कंपन्या सुताच्या धाग्यातून आलेल्या आहेत.

युद्धानंतर कापूस आणि कापडाचा बाजार १९५१च्या सुमारास कोसळला. सोलापूरकराला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. सुझुकीने माग बाजूला ठेवून १९५२ साली सायकलला बसवायचं छोटं इंजिन काढलं, ३६ सीसीचं, नाव पॉवर फ्री. कल्पना मिचिओचे जावई शुन्झो यांची. मासेमारीहून सायकलवर परतताना समोरून जोराचा वारा लागायचा, पाय दमायचे, त्यातून ती सुचली असं सांगतात. १९५४ साली कंपनीचं नाव बदलून सुझुकी मोटर झालं आणि १९५५ साली सुझुलाइट ही पहिली मोटार आली. ३६० सीसीच्या आतलं दोन सिलिंडरचं इंजिन, आणि ओढ पुढच्या चाकांना. त्याआधी नमुन्याच्या गाड्या घेऊन ही मंडळी हाकोनेचा घाट चढून तोक्योपर्यंत गेली होती. रस्ते कच्चे, गाड्या कच्च्या, पण पोचल्या.

या कंपनीची आणखी एक गंमत मला आवडते. ती जावयांनी चालवली. मिचिओनंतर शुन्झो, ते जावई. नंतरचे जित्सुजिरोही जावई. आणि १९७८ साली अध्यक्ष झालेले ओसामू सुझुकी म्हणजे मूळचे ओसामू मात्सुदा, शुन्झोंचे जावई, लग्नात सासऱ्यांचं आडनाव घेतलेले. आपल्याकडे घरजावई म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात. तिकडे घरजावयांनी घराणं तारलं.

ओसामूंनी काम हाती घेतलं तेव्हा कंपनीची अवस्था बरी नव्हती. धुराच्या नव्या नियमांत त्यांची टू-स्ट्रोक इंजिनं अडकली होती. इतकी की दुसऱ्या कंपनीचं इंजिन आणून गाडीत बसवायची वेळ आली. अशात त्यांनी एक साधी गोष्ट पाहिली. कारखान्याच्या आवारात कामगार कामावर यायला छोटे मालवाहू टेम्पो वापरत होते. शेतीलाही तेच, बाजारालाही तेच, आणि सकाळी कामावर यायलाही तेच. म्हणजे लोकांना हवी होती एक स्वस्त, मालही नेणारी, पण मोटारीसारखी दिसणारी गाडी. त्यांनी १९७९ साली अल्टो काढली. मालवाहू गाडी म्हणून नोंद केल्यामुळे तिच्यावर मोटारीचा कर लागत नव्हता. किंमत ४ लाख ७० हजार येन, आणि ती देशभर एकच. तेव्हा जपानमध्ये गावागणिक किमती बदलायच्या, त्यामुळे ही एक किंमतच लोकांना मोठी वाटली.

ती किंमत कशी जमवली, ते बघण्यासारखं आहे. काच धुवायच्या पाण्याचा पंप विजेचा नाही, हाताने दाबायचा. डाव्या दाराला किल्लीचं भोकच नाही. चालक उजवीकडून आत बसतो, तो आतून डावं दार उघडून देईल, मग बाहेर भोक कशाला? एकेक वस्तू हातात घेऊन विचारलेलं दिसतं, ही नसली तर कोणाचं काय अडेल? पुढेही ओसामू कारखान्यांत फिरताना दिवे मोजायचे. जिथे खिडकीतून उजेड येतो तिथले दिवे काढायला लावायचे, आणि सुटे भाग यंत्राने ढकलण्याऐवजी उतारावरून आपोआप खाली येतील अशी रचना करायला सांगायचे. उजेड आणि गुरुत्वाकर्षण फुकट मिळतं, ते वापरा, असं त्यांचं म्हणणं.

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, एका टॉवेल कारखान्यात दिवाणजी होते. किती सूत आत आलं, किती कापड बाहेर गेलं, घट किती, यावर त्यांचा अख्खा दिवस जायचा. एका टॉवेलमागे दोन ग्रॅम सूत जास्त गेलं तर महिन्याअखेरीला किती, हे ते कागदाशिवाय सांगायचे. ओसामू सुझुकींबद्दल मी त्यांना कधी सांगू शकले नाही. मला ते सारं कळलं तोवर आण्णा गेले होते. पण दोघांना एका खोलीत बसवलं असतं तर भाषेविना त्यांचं जमलं असतं, याची मला खात्री आहे.

भारताची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. संजय गांधींचा मारुती कारखाना १९७०च्या दशकात बुडाला, त्यांच्या मृत्यूनंतर सरकारने तो ताब्यात घेतला आणि १९८१ साली मारुती उद्योग ही कंपनी उभी राहिली. बऱ्याच परदेशी कंपन्यांना भारतात फारसा रस नव्हता. सुझुकीचे ओसामू मात्र स्वतः बोलणीला बसले. ऑक्टोबर १९८२मध्ये करार झाला, सुझुकीचा वाटा २६ टक्के. १४ डिसेंबर १९८३ला गुडगावात इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हातात ठेवली. किंमत ५० हजारांच्या आत. त्या गृहस्थांनी ती गाडी शेवटपर्यंत विकली नाही.

मला त्या कारखान्यातली एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. जपान्यांनी सगळ्यांना एकच गणवेश दिला आणि एकच कँटीन ठेवलं. साहेब आणि कामगार एका रांगेत ताट घेऊन उभे. आमच्याकडच्या गिरण्यांमध्ये साहेबाचा चहाचा कपसुद्धा वेगळा असायचा, हे आण्णांच्या तोंडून ऐकलेलं आहे. त्यामुळे गाडीइतकीच ही रांगही नवी होती.

आता आमच्या मारुतीविषयी.

आण्णांनी ती सेकंडहँड घेतली, एमएच-१३ पासिंगची, पांढरी. आधीचे मालक पेठेतले डॉक्टर. व्यवहार ठरला त्या दिवशी आण्णांनी डॉक्टरांना मायलेज विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "गाडी कोणाच्या हाताखाली आहे?" म्हणजे दुरुस्तीला कुठल्या मिस्त्रीकडे जाते. डॉक्टरांनी नाव सांगितलं, आण्णांनी मान हलवली, झालं. गाडीबरोबर मिस्त्रीही आमच्याकडे आले.

त्या मिस्त्रींचं गॅरेज अक्कलकोट रोडच्या बाजूला. पत्र्याची शेड, जमीन ऑइलने काळी आणि गुळगुळीत. बॉनेट उघडलं की ८००चं इंजिन आडवं बसलेलं दिसायचं. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, आणि इंजिनाच्या चहूबाजूंनी हात घालायला जागा. आजच्या गाड्यांची बॉनेट उघडली की वर प्लास्टिकचं झाकण, खाली काय आहे ते दिसतच नाही. इथे सगळं उघडं. हे कार्बोरेटर, हे डिस्ट्रिब्यूटर, ही क्लचची केबल. दहा, बारा, चौदा, सतरा, एवढे चार पाने असले की निम्मी गाडी उघडते, असं मिस्त्री म्हणायचे. क्लचची केबल तुटली तर ती रस्त्यातसुद्धा बदलता यायची. नवी केबल डिकीतच ठेवायची हे त्यांनीच शिकवलं. माझ्या हातात बाराचा पाना पहिल्यांदा दिला तोही त्यांनी. मुलगी म्हणून थांबले नाहीत. "तू धर, मी वरून आवळतो," एवढंच म्हणाले. पाना कुठल्या कोनात धरला की नट चुरगळत नाही, आणि नट बसला की मनगटाला कसं कळतं, ते मला तिथे समजलं.

समोरच्या शेडमधला जॉबर हेच मागाशी करायचा. माग बिघडला की तो आधी हात लावायचा नाही, कान देऊन उभा राहायचा. धोटा पेटीत नीट बसतोय की आपटतोय हे त्याला आवाजावरून कळायचं. मिस्त्रीही गाडी चालू करून बॉनेटवर हात टेकवून उभे राहायचे. तीनपैकी एक सिलिंडर मारत नसेल तर हाताला कळतं, म्हणायचे. ज्या गावात घराघरांत यंत्र दुरुस्त करणारे हात आहेत, तिथे उघडी-वाघडी, समजणारी गाडी लोकांना लगेच आपली वाटली. जाहिराती कोणी बघितल्या असतील तर असोत. सोलापुरात ही गाडी रुजली ती मिस्त्रींच्या भरवशावर.

खंडेनवमीला बोळात सगळ्या मागांना हळद-कुंकू, झेंडूच्या माळा. धोटे ओळीने ताटात मांडलेले. त्याच दुपारी आण्णा गाडी पुसून घ्यायचे, तिच्याही बॉनेटवर माळ, चाकाखाली लिंबू, आणि मिस्त्रींनी दिलेला एक जुना पाना पूजेच्या ताटात. शेडवाले आण्णांना हाक मारून म्हणायचे, "आण्णा, आमच्याकडंबी नारळ फोडून जावा की."

कौतुक करताना खोटं बोलायचं नाही म्हणून तक्रारीही सांगते. ८००मध्ये मागे तीन मोठी माणसं बसली की मधल्याचे गुडघे हनुवटीला लागायचे. सीट इतकी खाली की आजीला आत बसवायला एक जण आणि बाहेर काढायला दोन जण लागायचे. चाकं बारा इंचांची, खड्ड्यात गेली की पाठीच्या कण्याला पत्ता लागायचा. साडेसहाशे किलोच्या आसपासची गाडी. पुण्याच्या रस्त्यावर, इंदापूरच्या पुढे, शेजारून ट्रक सुसाट गेला की ती हलायची आणि आई मागून स्वामींचं नाव घ्यायची. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ला जातो. अशा वेळी एसी लावून तुळजापूरचा घाट चढायला घेतला की गाडी अंगात ताप असल्यासारखी चालायची. आण्णा घाटाच्या पायथ्याशीच एसी बंद करायचे, काचा खाली, गरम वारा आत. वर पोचल्यावर देवळाआधी रेडिएटरकडे बघायचं. पण ती पोचायची. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर, आमच्या घरची सगळी दैवतं त्या गाडीने गाठली. शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा डबा मागच्या काचेखालच्या फळीवर, आणि त्या चटणीचा वास सीटच्या कापडात मुरलेला. तो शेवटपर्यंत गेला नाही.

मी गाडी चालवायला तिच्यावरच शिकले, होटगी रोडच्या बाजूला, पहाटे. स्टिअरिंग हलकं, क्लच हलका, गाडी कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते बसल्या जागेवरून दिसायचं. आमच्या पिढीतल्या कितीतरी बायका चारचाकी शिकल्या त्या याच गाडीमुळे. अँबेसिडरच्या स्टिअरिंगशी झोंबायची तयारी किती घरांनी मुलींकडून ठेवली असती, मला शंका आहे. या गाडीच्या इतिहासात विक्रीचे आकडे खूप असतात, २५ लाखांहून जास्त गाड्या बनल्या, २०१४च्या जानेवारीत उत्पादन थांबलं वगैरे. पण बायकांच्या हातात किल्ली आली ही नोंद मला त्या आकड्यांपेक्षा मोठी वाटते.

समोरच्या शेडवाल्यांकडे ओम्नी होती. १९८४ साली ती नुसती मारुती व्हॅन म्हणून आली, तेच ७९६ सीसीचं इंजिन, पण पुढच्या सीटखाली. चालक आणि शेजारचा इंजिनावरच बसलेले. उन्हाळ्यात खालून शेक. सकाळी तिच्यात शाळेची पोरं, दुपारी मागच्या सीटा काढून चादरींचे गठ्ठे, आणि रविवारी पुन्हा सीटा बसवून अख्खं घर हुरड्याला. सरकतं दार असल्यामुळे अरुंद बोळातही गठ्ठा उतरवता यायचा. दार बाहेर उघडणारी गाडी असती तर समोरच्या भिंतीला लागली असती. कोणत्याही बैठकीत बसलेल्या माणसाने पूर्व भागाचे बोळ मोजून ही गाडी काढली नव्हती, तरी ती त्यात बरोबर बसली. ओसामूंनी पाहिलेला तो कामगारांचा टेम्पो, सकाळी एक आणि दुपारी दुसरं काम करणारा, माझ्या डोळ्यांसमोर होता तो या ओम्नीच्या रूपाने. २०१९ला ती बंद झाली. बोळात अजून दोन आहेत.

याच ओम्नीने मला त्या काटकसरीची दुसरी बाजू दाखवली. पुढे बसणाऱ्याच्या गुडघ्यांपुढे पातळ पत्रा, त्यापुढे काच, त्यापुढे रस्ता. इंजिन खाली, म्हणजे धडक झाली तर आधी माणूस. लहान असताना मी त्या सीटवर हट्टाने बसायचे, समोर सगळं दिसतं म्हणून. आज कोणाच्या लेकराला तिथे बसू देणार नाही.

२०१४ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने धडकवून पाहिल्या. अल्टो ८००ला शून्य तारे. वर्षाच्या शेवटी स्विफ्टलाही शून्य. एकट्या सुझुकीच्या नाही, त्या पहिल्या फेरीतल्या पाचही गाड्यांची तीच गत होती. त्या चाचणीचे व्हिडिओ मी पाहिले तेव्हा पुतळ्याचं डोकं स्टिअरिंगवर जाताना बघून मला डाव्या दाराचं ते भोक आठवलं. भोक काढलं तर गैरसोय होते आणि ती गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी कळते. तो पैसे मोजतानाच ठरवतो, चालेल. एअरबॅग काढली तर ते कळायचा दिवस बहुतेकांच्या आयुष्यात येतच नाही, आणि ज्याच्या येतो त्याला पुन्हा ठरवायची संधी मिळत नाही. म्हणून या दोन काटकसरी एका पारड्यात घालायला माझा सक्त विरोध आहे. पहिली हुशारी होती. दुसरीला मी हुशारी म्हणणार नाही, कितीही स्वस्त गाडी असली तरी. गरिबाला स्वस्त वस्तू द्यावी, पण त्याचा जीव स्वस्त धरून नव्हे. सरकारने चालकापुढची एअरबॅग सक्तीची केली ती २०१९ला. ८००ला बाजारात येऊन तोवर पस्तीस वर्षं उलटून गेली होती.

नुसतं स्वस्त असणं पुरत नाही हे त्याच सुमारास दुसऱ्या एका जपानी नावाने दाखवून दिलं. निसानने आपलं जुनं डॅट्सन हे नाव २०१४ला भारतात परत आणलं, गो नावाची गाडी काढली. तिलाही एनकॅपमध्ये शून्य. किंमत कमी होती, जागा ८००पेक्षा ऐसपैस होती. पण गावोगावच्या मिस्त्रींच्या हाताला ती लागली नव्हती, आणि परत विकायला गेलं तर तिचं काय येईल याचा भरवसा नव्हता. २०२२ला ते नाव भारतातून गेलं. आण्णांनी डॉक्टरांना विचारलेला प्रश्न, गाडी कोणाच्या हाताखाली आहे, डॅट्सनच्या मालकाला विचारला असता तर तो गप्प बसला असता.

मधल्या काळात सुझुकीही बदलली. २००२ला मारुतीत सुझुकीचा वाटा निम्म्याहून जास्त झाला, २००७ला नाव मारुती सुझुकी झालं. झेन, वॅगन-आर, अल्टो, स्विफ्ट, डिझायर. सोलापूरहून पंढरपूर-तुळजापूर-अक्कलकोट करणाऱ्या टॅक्सीवाल्यांनी डिझेलची डिझायर डोक्यावर घेतली. तिचं १३०० सीसीचं डिझेल इंजिन मुळात इटलीच्या फियाटचं, हे त्यातल्या फार थोड्यांना माहीत होतं. माहीत असतं तरी फरक पडला नसता. २०२०च्या एप्रिलमध्ये धुराचे नवे नियम आले आणि कंपनीने डिझेल बंदच केलं. एका टॅक्सीवाल्या काकांनी मला तेव्हा सांगितलं होतं, "ताई, पोटावर पाय आला की ओ." आज ते सीएनजीवर अर्टिगा चालवतात आणि डिझेलचं नावही काढत नाहीत.

ओसामू सुझुकी २५ डिसेंबर २०२४ला गेले, वय ९४. २००७ला त्यांना पद्मभूषण मिळालं होतं, २०२५ला मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. बातमी आली त्या संध्याकाळी मी मिस्त्रींना फोन केला. आता गॅरेज त्यांचा मुलगा बघतो, तो लॅपटॉप जोडून गाडी तपासतो. मिस्त्रींनी विचारलं कोण गेलं म्हणून. सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्यांच्या गाड्यांवर माझी दोन पोरं शिकली." मुलाला हाक मारून त्यालाही सांगितलं.

आमची ८०० आण्णांच्या नंतर काही वर्षं उभी राहिली, मग बार्शीकडच्या एका शिक्षकांनी नेली. विकताना मी त्यांना मिस्त्रींचा नंबर दिला.

छोट्या गाड्या आता पुन्हा चर्चेत आहेत. २२ सप्टेंबर २०२५पासून त्यांच्यावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याच वर्षी अल्टो के-१०मध्येसुद्धा सहा एअरबॅग सरसकट आल्या. डाव्या दाराला भोक न देणाऱ्या गाडीच्या नावाने सहा एअरबॅग, हे बघून मला मनापासून बरं वाटलं. २०२४च्या नव्या डिझायरला एनकॅपमध्ये पाच तारे मिळाले. म्हणजे जमतं. आधीही जमलं असतं.

गेल्या दिवाळीत समोरच्या शेडवाल्यांनी नवी गाडी घ्यायचं काढलं आणि मलाही बरोबर नेलं. मुलगा इंजिनिअर, तो विक्रेत्याला पहिल्यांदा तारे विचारत होता. मग ॲव्हरेज. आईने दार उघडून बसून पाहिलं आणि गुडघ्यांना त्रास होत नाही असा निकाल दिला. मामा, म्हणजे मुलाचे वडील, तोवर गाडीच्या मागे जाऊन उभे होते. त्यांनी विचारलं, "ह्येच्यात गठ्ठे किती बसतेत ओ?" विक्रेत्याने डिकी उघडली. सीएनजीची टाकी निम्मी जागा अडवून बसली होती. मामांनी हाताने वितीवितीने मोजून बघितलं, मान हलवली आणि पेट्रोलची डिझायर लिहून घ्यायला सांगितली. सीएनजीने वर्षाला किती वाचले असते ते मुलाने तिथेच हिशेब करून दाखवलं. मामा म्हणाले, "आणि गठ्ठ्याला रिक्षाभाडं कोण देणार बे?" मुलाने मोबाइलवर तोही आकडा घातला, आणि पेट्रोलच ठरलं.